सही कामून दिलीस?

लग्नाला गेलं की विचारतात, तेराव्याला गेलं तरी विचारतात. आत्या विचारते, शेजारच्या काकू विचारतात, नात्यातला एक भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. "तिकडं इंग्लंडात घटस्फोट झाला ते झालं. पण तू सही कामून दिलीस? लटकू द्यायचं होतंस की त्याला." प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगून कंटाळले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

आधी ते दुसरं, "तू तिथली नागरिक नाहीस, मग तिथलं कोर्ट तुझं लग्न कसं मोडतं?" तिथल्या कोर्टाला पासपोर्टशी देणंघेणं नाही. नवरा-बायकोचं नेहमीचं राहणं तिथं असलं की पुरे, मग लग्न उदगीर तालुक्यात लागलेलं का असेना. 6 एप्रिल 2022 पासून तिथं कुणावर आरोपही करावे लागत नाहीत. लग्न टिकण्यापलीकडं गेलंय एवढं एक विधान द्यायचं, आणि दोघांनी मिळूनही अर्ज करता येतो. आम्ही केला तेव्हा फी 593 पौंड होती. अर्ज दाखल झाल्यावर 20 आठवडे थांबायचं, मग पहिला आदेश, मग सहा आठवडे नि एक दिवस, की शेवटचा. न्यायाधीशाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. आत्या म्हणाली, "म्हणजे गॅसचा नंबर लावल्यासारखंच की." हसू नका, तसंच आहे ते.

आपल्याकडं तसं नाही. हिंदू विवाह कायद्यात 'लग्न मोडकळीला आलं' हे घटस्फोटाचं कारणच नाही. म्हणून एकट्यानं जाऊन आणलेला तिकडचा कागद इकडं सहसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी या खटल्यात हे सांगितलं आणि काही अपवाद ठेवले. त्यातला एक, दुसऱ्या बाजूची संमती. गोम इथंच आहे. लातूरचे वकीलसाहेब मला फोनवर म्हणाले होते, "ताई, तुम्ही सही करू नका, हजर होऊ नका. तो तिकडं मोकळा होईल, इकडं मात्र तुमचाच नवरा राहील. दुसरी करून आला तर बघून घेऊ."

मला ते आवडलं होतं. कशाला खोटं बोलू? त्यानं दुसरी करावी, गावाकडं यावं आणि स्टेशनवरच पोलिसांनी गाठावं, हे चित्र मी रात्र रात्र बघितलंय. तेव्हाची मी अजून भांडायला येते. "तुझ्या हातात एकच गोष्ट होती, तीही देऊन टाकलीस?"

तिला धड उत्तर देता येत नाही. एवढंच सांगते, की तो इकडं माझा नवरा राहणार म्हणजे मीही त्याची बायको राहणार. ती म्हणते, राहा की.

माझा व्हिसा त्याच्या नोकरीवरचा, डिपेंडंट. वेगळं झालो हे तिथल्या सरकारला कळवावं लागतं, आणि मग बहुतेक 60 दिवसांत दुसरी सोय करा नाहीतर निघा. म्हणून आधी स्वतःच्या नोकरीवर व्हिसा मिळवला. तोवर एकाच घरात, वेगवेगळ्या खोल्यांत. त्या दिवसांबद्दल मी काही सांगणार नाही.

दाखल्याचं मात्र सांगते. अर्जाला लग्नाचा दाखला लागतो. मूळ प्रत त्याच्याकडं होती, म्हणाला सापडत नाही. त्या दिवाळीला गावी आले होते, तेव्हा अण्णांना घेऊन ग्रामपंचायतीत गेले. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांना बघितलं की कुणीतरी खुर्ची सोडतं, तशी सोडली. बाहेर घरकुलाच्या कागदांसाठी माणसं बसलेली. नक्कल कशासाठी हवी ते अर्जात लिहायचं होतं. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि नुसते बसून राहिले. मी म्हणणार होते, 'पासपोर्टसाठी' लिहा. पण जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेला माणूस. शेवटी फळ्यावर लिहावं तसं वळणदार अक्षर काढून लिहिलं, 'न्यायालयीन कामासाठी'.

ग्रामसेवकानं वाचलं. "कोर्टाचं काय निघालं, मास्तर? बांधाचं का?"

आमच्याकडं कोर्ट म्हणजे बांध, नाहीतर वाटणी.

अण्णा म्हणाले, "बांधाचंच."

लग्नाच्या दाखल्याचा बांधाशी काय संबंध, हे त्या माणसाला कळत नसेल? त्यानं रजिस्टर काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. वराचं नाव, वधूचं नाव, तारीख, साक्षीदार. साक्षीदारांत आमचे थोरले मामा होते, ते आता नाहीत. त्यांच्या नावाशी आल्यावर त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, आवाज खाली आणला आणि पुढचं मनातच वाचलं. दाखला लिहिला, शिक्का मारला, म्हणाला, "चहा घ्या, मास्तर." अण्णा चहाला कधी नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले.

घरी येताना वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले ते एवढंच, "भाषांतर कुठं करून घेणार आहेस?" तिकडंच, म्हटलं. "नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी मिळतं का बघ."

आता सांगा, लटकवायचं होतं तर लातूरच्या कोर्टात तारखांना कोण गेलं असतं? मी तिकडं, अण्णा इकडं. दर तारखेला बांधाचंच म्हणून सांगत बसले असते.

आणि तेव्हाची मी लगेच म्हणते, बापाचं नाव पुढं करू नकोस, तुलाच सुटायचं होतं. तेही आहेच.

आंदणातल्या सोन्याचं विचाराल, तर घटस्फोटाच्या आदेशात पैशाअडक्याचा निकाल लागत नाही, त्याचा अर्ज वेगळा असतो. काही परत आलं, काही नाही.

एवढं करून कागद इकडं चालतो का? एक वकील म्हणतात, संमती आहे, प्रमाणित प्रत जपून ठेवा, झालं. दुसरे म्हणतात, 1991 च्या निकालातला संमतीचा अपवाद तिकडच्या कोर्टाला खटला चालवायचा अधिकार आहे का, एवढ्यापुरता आहे, घटस्फोटाच्या कारणाचं काय? तेव्हा इथं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली दोघांच्या संमतीचा अर्ज पुन्हा टाका. त्यात सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून ती अट माफ होऊ शकते, पण ते न्यायाधीशांच्या मनावर.

आणि त्या अर्जावर त्याची सही लागते. आता तो लटकवू शकतो. अर्ज तयार करून ठेवा असं दुसऱ्या वकिलांना सांगितलंय, फी मात्र अजून दिलेली नाही.