किंमत मोजतं कोण?

मंगळवार

२९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये जे झालं ते आज पुन्हा सविस्तर वाचलं. अमेरिकन सैन्य अफगाणिस्तानातून बाहेर पडत होतं. तीन दिवसांपूर्वीच विमानतळाच्या दारात आत्मघाती स्फोट झाला होता आणि आता दुसरा होणार या धास्तीत सगळे होते. ड्रोनने एका पांढऱ्या गाडीचा तासन्‌तास माग काढला. गाडीत डबे चढवले जात होते, ती स्फोटकं असणार असं ठरलं. ते पाण्याचे डबे होते. गाडी चालवणारा एका मदतसंस्थेत नोकरीला होता. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र आलं. १० माणसं गेली, त्यात ७ मुलं. हल्ला योग्यच होता असं आधी सांगितलं गेलं, सप्टेंबरच्या मध्यावर चूक कबूल झाली, आणि कोणावरही कारवाई होणार नाही हे डिसेंबरमध्ये जाहीर झालं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की त्या पडद्यासमोर कोणी राक्षस बसला नव्हता. ती माणसं आपल्या लोकांचे जीव वाचवायला बसली होती. चुकली. आणि चुकीची किंमत त्यांनी मोजली नाही, ती अंगणातल्या पोरांनी मोजली.

कायदा अशा वेळी काय म्हणतो? युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात तत्त्व आहे: लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होता कामा नये. म्हणजे अवाजवी नसलेली हानी चालते. २००३ च्या इराक युद्धात एखाद्या हल्ल्यात सुमारे ३० किंवा त्याहून जास्त नागरिक मरतील असा अंदाज असला, तर थेट संरक्षणमंत्र्यांच्या पातळीवरून परवानगी घ्यावी लागे. त्या आकड्याखाली खालचे अधिकारी निर्णय घेऊ शकत. मला कळतं की मर्यादा नसण्यापेक्षा मर्यादा असणं बरं. तरीही तो आकडा वाचून अंगावर काटा येतो. त्या हिशेबात ज्यांना धरलं, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. त्या रात्री ते जेवून झोपलेले असतात.

गुरुवार

लाओसबद्दल लिहायचं राहून जात होतं.

अमेरिकेने लाओसविरुद्ध युद्ध कधी पुकारलंच नाही. पण शेजारच्या व्हिएतनाममधल्या युद्धापायी १९६४ ते १९७३ या काळात त्या एवढ्याशा देशावर २० लाख टनांहून जास्त बाँब टाकले. त्यात गुच्छबाँब होते. हवेत उघडतात आणि शेकडो छोटे बाँब खाली विखुरतात. असे सुमारे २७ कोटी छोटे बाँब तिथे पडले आणि त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. ते शेतात राहिले, ओढ्यात राहिले, बांबूच्या बनात राहिले. आकाराने चेंडूएवढे, म्हणून मुलं उचलतात. बाँबफेक थांबल्यानंतर त्या मातीत २० हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जायबंदी झाली. नांगरताना, चूल पेटवताना, घराचा पाया खणताना.

यातली कित्येक माणसं युद्ध संपल्यावर जन्मलेली. त्यांच्या आजोबांच्या काळातल्या भांडणात, तेही धड त्यांचं नसलेल्या भांडणात, त्यांचा पाय गेला. २०१६ मध्ये बराक ओबामा लाओसला गेले. तिथे जाणारे ते पहिलेच अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. बाँब काढण्यासाठी त्यांनी ३ वर्षांत ९ कोटी डॉलर देऊ केले. चांगलं केलं. पण शेवटचा बाँब पडून तेव्हा ४३ वर्षं झाली होती.

युद्ध करायचं की नाही याचा विचार करताना फायद्यातोट्याचं गणित मांडतात म्हणे. त्या गणितात ही पोरं कुठल्या ओळीत होती, हे मला कुणीतरी दाखवावं.

शुक्रवार, रात्री उशिरा

दादाचा फोन झाला. लाओसचं सगळं ऐकून घेतलं त्याने, मधे एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "आता मला स्रेब्रेनित्साचं सांग."

उत्तर सोपं नव्हतं. बोस्नियातलं ते गाव १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं होतं. आतल्या लोकांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि त्यांचं रक्षण जगाने करायचं, असा वायदा. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांचं सैन्य आत शिरलं तेव्हा तिथे काही शे डच शांतिसैनिक होते, हलक्या शस्त्रांनिशी. त्यांनी मागितलेली हवाई मदत आली ती फार उशिरा आणि फार थोडी. पुढच्या काही दिवसांत ८ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे वेगळे काढून मारले गेले. डच सरकारने २००२ मध्ये या प्रकरणी राजीनामा दिला. सात वर्षांनी.

"तिथे कोणी बंदूक चालवली असती तर तू त्याला हिंसा म्हणाली असतीस?" दादाने विचारलं. मी म्हटलं, हो, हिंसाच म्हटलं असतं, आणि चालव म्हणूनही सांगितलं असतं. तो गप्प झाला, मीही. आमच्यात वाद असा क्वचितच थांबतो.

म्हणजे मी पूर्ण शांततावादी नाही. हे आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट लिहिलं.

शनिवार

तरीसुद्धा ज्यांनी ठाम नकार दिला त्यांच्याकडेच मन पुन्हा पुन्हा जातं.

फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातला शेतकरी, तीन मुलींचा बाप. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला. जखमींची शुश्रूषा करायला तयार होता, ते कोणी मनावर घेतलं नाही. गावातल्या लोकांनी समजावलं, धर्मगुरूंनी समजावलं: तू एकटा नाही म्हणालास तर काय फरक पडणार? ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. युद्धावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. मला तो तरीही बरोबर वाटतो, कारण निर्णय त्याचा होता आणि मान त्याची होती.

विनोबांचंही तसंच. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारमध्ये युद्धाविरुद्ध भाषण करून ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले आणि तुरुंगात गेले. बोलले ते आणि भोगलंही त्यांनीच.

पण १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला, तिथे मी अडखळते. त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी होत नाही, पण तो सल्ला मला पटत नाही. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला गेले होते. त्यांनी गांधीजींना लिहिलेल्या पत्राचा एक मुद्दा असा, की छळछावणीतलं बलिदान पाहायलाच कोणी नसतं. साक्षीदार नसलेला सत्याग्रह कोणाचं मन पालटणार? मला आणखी एक जाणवतं. स्वतः प्राण द्यायला तयार असणं आणि दुसऱ्याने ते द्यावेत असं सुचवणं, या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, फरक सापडला. युद्ध पुकारणारा दुसऱ्याचा जीव पणाला लावतो, खरा शांततावादी स्वतःचा. मग येगरश्टेटरची बायको आठवली. फ्रान्झिस्काने शेती एकटीने ओढली, गावाचे टोमणे ऐकले. नवरा 'सैन्यात मेला नाही' म्हणून युद्ध संपल्यावरही काही वर्षं तिला विधवेचं निवृत्तिवेतन नाकारलं गेलं. त्याच्या नकाराची किंमत तिनेही मोजली, आणि बाप फारसा न आठवणाऱ्या तीन मुलींनीही. मांडलेला फरक पुरता टिकत नाही. पण पुरता मोडतही नाही. फ्रान्सच्या ल शाँबों गावात आंद्रे ट्रोक्मे या शांततावादी पाद्र्याने आणि गावकऱ्यांनी हजारो निर्वासितांना लपवलं, त्यात ज्यू फार होते. त्याचा नातलग दानिएल तिथल्या निर्वासित मुलांचं वसतिगृह सांभाळायचा. त्याला मुलांबरोबर पकडून नेलं आणि १९४४ मध्ये तो मायदानेकच्या नाझी छळछावणीत मेला. या लोकांनी बंदूक उचलली नाही आणि मुलांना वाऱ्यावरही सोडलं नाही. शांततावादी म्हणजे हात बांधून बसलेला माणूस, असं कोणी म्हणालं की मला याच गावाची आठवण करून द्यावीशी वाटते.

रविवार

सकाळी अशोकाचा तेरावा शिलालेख पुन्हा वाचला. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसं नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. राजा स्वतः हे कोरून ठेवतो. त्याहून मोठं म्हणजे, जे स्वतः वाचले पण ज्यांची जिवलग माणसं गेली, त्यांचं दुःखही तो हानीत धरतो. आजच्या किती सरकारांची यादी तिथपर्यंत जाते?

पण त्याने कलिंग परत केलं नाही. त्याच लेखात जंगलातल्या लोकांना इशारा आहे, की पश्चात्ताप झाला असला तरी राजाकडे बळ आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, हा लेख कोरलेलाच नाही. ज्यांनी सोसलं त्यांच्यासमोर तो पश्चात्ताप मांडला गेला नाही. इतिहासकार त्याची राजकीय कारणं सांगतात. मला तरी ते वाचून वाईटच वाटतं.

दुपारभर डोक्यात भूसुरुंग होते. माणसांना मारणाऱ्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारावर १६० हून अधिक देश एकत्र आले. करारासाठी झटणाऱ्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. सामान्य माणसांनी रेटा लावून एक शस्त्र जवळजवळ बहिष्कृत केलं, याचं मला कायम अप्रूप होतं. आणि २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड, एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया या देशांनी बाहेर पडण्याची पावलं उचलली. त्यांची भीती खोटी नाही. शेजारी रशिया आहे आणि युक्रेनचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्या भीतीवर माझ्याकडे दुसरा उपाय नाही, हे दादाला मी आत्ताच कबूल केलं.

पण सुरुंग पेरला जाणार आहे त्यांच्याच मातीत. जगभर सुरुंगांना बळी पडणाऱ्यांत बहुसंख्य नागरिक असतात, आणि त्यात मुलं फार. सुरुंग फुटेल तेव्हा आज सही करणारा मंत्री खुर्चीवर नसेल. म्हणून निदान एवढी मागणी तरी करता येईल: कुठे किती पेरले त्याचा नकाशा, ते काढायला लागणारे पैसे आणि जायबंदी होणाऱ्यांच्या आयुष्यभराच्या उपचाराची तरतूद, हे सगळं पेरण्याच्या आधी त्याच अर्थसंकल्पात मांडा, आणि मग मत घ्या. दादा म्हणाला, असं मांडलं तर कोणी मतच देणार नाही. मी म्हटलं, मग आधी ते मांडूनच पाहूया.