अवधान

दुपारी कुंडीतली दोन लिंबं तोडताना अंगठ्यात काटा रुतला आणि टोक आतच मोडलं. सुईनं बराच वेळ कोरलं, निघालं नाही. रात्रीपर्यंत अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला. तेव्हापासून मी सारखी काख चाचपतोय. बायको म्हणाली, "काटा अंगठ्यात ना? मग काखेत काय शोधताय?"

काय सांगणार! परभणीकडच्या आमच्या गावात सुट्टी लागली की पायात चप्पल नसायचीच. ज्वारी काढलेल्या रानात धसकट, नाहीतर बांधावरच्या बाभळीचा काटा टाचेत शिरायचा. मी लंगडणं लपवायचो, कारण आजीचा इलाज ठरलेला. आधी सुई, मग बिब्याचा चटका. पण दोन-तीन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ यायची आणि चोरी उघडी पडायची. "अवधान आलंय की रं! कुठं मोडलाय काटा?"

देवळात कीर्तनाला बुवा 'अवधान द्या' म्हणाले की माझा हात आपोआप जांघेकडे जायचा. शब्द एकच की दोन, कोण जाणे.

टाचेतली खबर जांघेत पोचते कशी, हे पुढे कॉलेजात कळलं. कातडीतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचा तुकडा उचलतात, लसिकावाहिनीच्या बारीक नळीतून जांघेतल्या ग्रंथीत नेतात आणि तिथल्या 'टी' नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवत बसतात. लाखांतल्या एखादीलाच तो जुळतो. मग ती वाढत सुटते, एकीच्या हजारो होतात, ग्रंथी फुगते. तोवर टाचेत न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी काही तासांतच धावून येऊन मरूनही गेलेल्या असतात. आजी धडप्यानं पुसायची तो पू बहुतेक त्यांचाच. पुस्तकात याला लढाई, सैनिक, शत्रू असलं काय काय म्हटलेलं असतं. मला ते कधी रुचलं नाही. ठणकणाऱ्या टाचेत कसली आलीय शौर्यगाथा!

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह या प्राणिशास्त्रज्ञानं तारामाशाच्या काचेसारख्या अळीत गुलाबाचा काटा खुपसला. उत्सुकतेनं त्याला रात्रभर झोप आली नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, पॉल एर्लिखबरोबर वाटून. आमच्या टाचांना भेगा होत्या, आरपार दिसायची सोय नव्हती.

आजीला पुढे साखर निघाली. एका सुगीत तिच्याच तळव्यात काटा मोडला. ना ठणका, ना कळ. पायाला वास यायला लागला तेव्हा आम्ही बघितलं. नांदेडला नेऊन दोन बोटं काढावी लागली.

त्यानंतर रोज रात्री बॅटरी धरून तिचे तळवे बघायचं काम माझ्याकडे आलं. ती भिंतीला टेकून पाय पसरायची आणि विचारायची, "काय दिसतंय का रं?"

"न्हाई."

"नीट बघ."