कमी पाण्यातला सेंद्रिय भात परवडतो का?

भाताचं पाणी तोडायचं, वर रासायनिक खतही बंद करायचं, मग परवडणार कसं? हे मला सतत विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: परवडतं, पण सगळ्यांना सारखं नाही.

भात पाण्यात तगतो, कारण त्याच्या अंगातल्या पोकळ्यांमधून मुळांपर्यंत हवा पोचते. म्हणून खाचर कायम भरलेलंच हवं असं नाही. साचलेल्या पाण्याचं मोठं काम तण दाबणं हे आहे. सतत तुंबलेल्या खाचरातलं रोप उपटून बघा. मुळं तपकिरी-काळपट, चिखलाला कधी सडक्या अंड्यासारखा वास. अधूनमधून हवा लागलेली मुळं पांढरी आणि भरघोस असतात.

पाणी कधी द्यायचं हे नळी सांगते. भोकं पाडलेली फूटभर नळी खाचरात रोवायची, आतली माती काढायची. आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटरवर गेलं की पुन्हा पाणी सोडायचं. फुलोऱ्यात मात्र ताण अजिबात द्यायचा नाही. पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचतं.

माती बुडाली की तिच्यातला ऑक्सिजन संपतो आणि मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू बनवणारे सूक्ष्मजीव जोर धरतात. हवा खेळती ठेवली तर हा वायू साधारण निम्म्यावर येतो. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी इथे फार जपायला हवं. कच्चं शेणखत किंवा ताजा पेंढा गाडून वर पाणी भरलंत तर मिथेन उलट वाढतो. खत पूर्ण कुजलेलंच घाला, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

आता पैसा. 1980 च्या दशकात मादागास्करमध्ये फादर लोलानिए यांनी बसवलेल्या ‘श्री’ (SRI) या कमी पाण्याच्या भात लागवड पद्धतीत 8 ते 12 दिवसांचं एकेक रोप 25 सेंटीमीटर अंतरावर लावतात. हेक्टरी 5 ते 8 किलो बियाणं पुरतं. बियाणं, विकतचं खत आणि पंपाचं इंधन, तिन्हींचा खर्च घटतो. वाढते ती तणाची मजुरी, कारण पाणी हटलं की तण उसळतं. लावणीनंतर दहा-बारा दिवसांत कोळपणी सुरू करून ती वेळच्या वेळी केली नाही, तर वाचलेला पैसा निंदणीतच जातो.

पंपाने पाणी उपसणाऱ्याला फायदा पहिल्याच हंगामात दिसतो. कालव्याची पट्टी क्षेत्रावर भरणाऱ्याला पाणी वाचवून काहीच मिळत नाही, आणि हा त्याचा दोष नाही. पट्टी पाण्याच्या मापावर लावल्याशिवाय त्याने नळी का रोवावी?