बाडेनवायलरची एक चक्कर
आज सुट्टी होती म्हणून जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून ट्रेनने म्युलहाइमला आणि तिथून बसने बाडेनवायलरला जाऊन आलो. ब्लॅक फॉरेस्टच्या अगदी पश्चिम टोकाला, ब्लाउएन डोंगराच्या (१,१६५ मीटर) कुशीत बसलेलं एवढंसं गाव, खाली द्राक्षांचे मळे आणि पलीकडे ऱ्हाइनचं मोठं मैदान, हवा स्वच्छ असेल तर समोर फ्रान्सचे व्होज डोंगर पण दिसतात.

पण खरी मजा रोमन स्नानगृहात! पहिल्या शतकात रोमन लोकांनी इथल्या गरम झऱ्यावर ते बांधलं, नंतर सगळं मातीखाली गेलं आणि थेट १७८४ मध्ये उकरताना सापडलं. आता वर मोठं काचेचं छत आहे. दगडी हौद, पायऱ्या, सगळं अजून जागच्या जागी, मी तर अर्धा तास नुसता बघतच उभा होतो. डायना अब्नोबाची पूजा व्हायची इथे, म्हणजे अब्नोबा ही मूळची केल्टिक डोंगरदेवी आणि रोमनांनी तिला आपल्या डायनाशी जोडून टाकलं, हुशार लोक!

किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत चढताना मात्र दम लागला. १६७८ मध्ये फ्रेंचांनी पाडला म्हणे. रशियन लेखक चेखव १९०४ मध्ये याच गावात वारला हे परतीच्या बसमध्ये आठवलं, त्याचं स्मारक बघायचं राहिलंच 🤦