स्पीकिंगला साडेसहा

"ताई, सगळ्या मुली रायटिंगला अडकतात. तुम्ही तर वॉर्डात दिवसभर इंग्रजी बोलायचात, मग तुम्ही स्पीकिंगला कशा अडकलात?" परदेशी नर्स म्हणून जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिच्याविषयीचा हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे की उत्तर देताना माझा आवाज आपोआप चढतो, हे माझ्याही लक्षात येते. गेल्या महिन्यात मिरजेहून दोघींनी फोन करून तेच विचारले आणि मी त्यांना नेहमीचे उत्तर दिले, की त्या दिवशी मला सर्दी झाली होती. सर्दी झाली होती हे खरे आहे. स्पीकिंगला साडेसहा बँड, म्हणजे साडेसहा गुण, सर्दीमुळे आला हे खरे नाही. इतक्या वर्षांत मी कुणाला सर्दी सांगितली, कुणाला परीक्षक खडूस होती असे सांगितले आणि कुणाला विषय नवा आला असे सांगितले. परीक्षक मुळीच खडूस नव्हती, आणि विषय तर इतका जुना होता की आमच्या क्लासच्या यादीत तो चुकून दोनदा छापलेला होता.

आधी आकडे सांगते, म्हणजे तो भाग संपेल. ऑगस्ट २०१९ मध्ये दिलेल्या पहिल्या आयईएलटीएसमध्ये मला लिसनिंगला ८, रीडिंगला ७.५, रायटिंगला ६.५ आणि स्पीकिंगला ६.५ मिळाले. ओव्हरऑल ७ झाले, पण ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंग या तिन्हींत प्रत्येकी ७ लागतात. रायटिंगची अट त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये ७ वरून ६.५ वर आणली होती. माझ्या आधीच्या मुलींनी ज्या अर्ध्या बँडसाठी रक्त आटवले तो मला आपसूक मिळाला आणि मी भलत्याच अर्ध्या बँडला आपटले. माझे इंग्रजी कच्चे होते असे ज्यांना वाटते त्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा का दिली नाही, असेही विचारतात. त्या परीक्षेत नर्सला पेशंटशी बोलायला आणि रेफरलचे पत्र लिहायला लावतात, ते मला झोपेतही जमले असते. पण तिची फी जवळजवळ दुप्पट होती आणि त्या वर्षी घरात औषधांचा खर्च होता. हे उत्तर मात्र पूर्ण खरे आहे.

आता वॉर्डातल्या इंग्रजीविषयी. पुण्याच्या हॉस्पिटलात अकरा वर्षे मी रोज दोन वेळा हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, दिला किंवा घेतला, आणि तो असा असे: "बेड नंबर फोर, पोस्ट-ऑप डे टू, बीपी वन टेन बाय सेव्हन्टी, ड्रेन फिफ्टी एमएल, नो फ्रेश कम्प्लेंट्स." या वाक्यात क्रियापद नाही आणि मीही नाही. नर्सिंग नोट्समध्ये स्वतःचे मत लिहायचे नसते. जे दिसले, जे मोजले आणि जे पेशंट म्हणाला तेवढेच लिहायचे, असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे अकरा वर्षांच्या इंग्रजीत मी 'आय थिंक' असे मनापासून दहा वेळा तरी म्हटले असेन का, याची मला शंका आहे. स्पीकिंगच्या त्या अकरा ते चौदा मिनिटांत दुसरे काहीच विचारत नाहीत. शेजारी कसे असावेत, मुलांच्या हातात मोबाइल द्यावा का, शहरातली गर्दी कशी कमी होईल, लग्नावर इतका खर्च करावा का, अशा ज्या गोष्टींवर आपण ओट्याशी उभे राहून मराठीत तासभर बोलतो, त्यांच्यावर अनोळखी माणसासमोर इंग्रजीत नेटके मत मांडायचे असते.

मत मांडायची सवय शाळेनेही लावली नव्हती. मी मराठी माध्यमाची. इंग्रजी पाचवीला सुरू झाले आणि निबंध दोन्ही भाषांत पाठच केले. 'विज्ञान : शाप की वरदान' या निबंधात आधी वरदान सांगायचे, मग शाप सांगायचा, मग नाण्याला दोन बाजू असतात असे म्हणून सगळे वापरणाऱ्यावर सोपवायचे आणि पेन खाली ठेवायचे. टास्क टूमध्ये, म्हणजे रायटिंगमधल्या निबंधात, हे चालत नाही. तिथे चाळीस मिनिटांत निदान २५० शब्द लिहायचे आणि प्रश्नाने मत विचारले असेल तर ते स्पष्ट द्यायचे असते. आमच्या क्लासच्या सरांनी ही नाण्याची खोड आमच्या अंगातून अक्षरशः काढून टाकली. ते म्हणत, "बाजू घ्या. ती तुमचीच असली पाहिजे असं नाही. परीक्षक तुमचं मत तपासत नाही, भाषा तपासतो." हे खरेही आहे. त्या नियमाने मी एका आठवड्यात प्राणिसंग्रहालये बंद करावीत या मताची होते आणि पुढच्या आठवड्यात ती मुलांसाठी किती गरजेची आहेत हे तितक्याच तळमळीने लिहीत होते. मला त्यात मजा येत होती, हेही सांगून टाकते.

स्पीकिंगसाठी हाच नियम माणसांना लावला आणि त्यातून पाटील काका जन्माला आले. वय ७२, बँकेतून निवृत्त, पहाटे टेकडीवर फिरायला जाणारे आणि गल्लीतल्या मुलांना फुकट गणित शिकवणारे. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात क्यू कार्डवर जो विषय येतो त्यावर दोन मिनिटे बोलायचे असते. त्या कार्डवर वृद्ध व्यक्ती आली की पाटील काका, मदत करणारा शेजारी आला की पाटील काका, निरोगी राहणारा माणूस आला तरी पाटील काकाच. त्यांनी मला सायकल शिकवली, झाडे लावायला शिकवले आणि एका कार्डासाठी त्यांचा कुत्राही हरवला. प्रत्यक्षात माझ्या हॉस्टेलच्या शेजारी टायरचे दुकान होते.

मला खरोखर जवळून माहीत असलेला म्हातारा माणूस तासगावजवळ माझ्या घरी होता. बाबांना पार्किन्सन होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. चालताना उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. अशा पेशंटला सपाट फरशीपेक्षा फरशीवरची रेघ ओलांडणे अनेकदा सोपे जाते, म्हणून मी सुट्टीवर गेले असताना दोन्ही दारांत पिवळ्या टेपच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. आई पुढे उभी राहून "एक, दोन" म्हणायची आणि बाबा पट्टीवरून पाय टाकायचे. शर्टाची बटणेही आईच लावायची. भाऊ पुण्यात आणि मी परदेशी जायच्या तयारीत. वृद्ध व्यक्तीच्या कार्डासाठी मला बाबा का सुचले नाहीत? दोन मिनिटांत ते बसणार नाहीत, असे कारण मी स्वतःला दिले होते. ते कारण फसवे होते. बाबांविषयी बोलायला लागले असते तर तिसऱ्याच वाक्यात, मी चालले आहे, हे आले असते.

स्पीकिंग लेखी परीक्षेच्या आधी दोन दिवस एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर होते. फोटो झाला, बोटाचा ठसा झाला आणि आत गेले. परीक्षक साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. पहिल्या भागात राहते कुठे, काम काय, पाऊस आवडतो का, हे झाले आणि मग त्यांनी कार्ड पुढे सरकवले: तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या वृद्ध व्यक्तीविषयी बोला. मला हसूच येणार होते. तयारीला मिळालेल्या एका मिनिटात मी कागदावर 'पाटील, ७२, टेकडी, मॅथ्स' एवढेच लिहिले आणि बाईंनी हात वर करून थांबवेपर्यंत न अडखळता बोलले. कुत्र्याचेसुद्धा सांगितले.

तिसऱ्या भागात त्यांनी विचारले की तुमच्या देशात वृद्धांची काळजी कोण घेते. त्याचेही वाक्य तयार होते. भारतात कुटुंबाला फार महत्त्व आहे आणि आईवडिलांना सांभाळणे हे मुले आपले कर्तव्य मानतात, असे मी म्हणाले. मग त्यांनी विचारले, की मुले कामासाठी परदेशी गेली तर काय होते. मी म्हणाले, "समवन स्टेज," म्हणजे कुणीतरी मागे राहते. त्यांनी विचारले, कोण? आणि माझ्या तोंडून निघून गेले, "माय मदर."

बाईंना बिचाऱ्यांना काय कळणार? माझे व्याकरण घसरले असे त्यांना वाटले असावे. म्हणजे सर्वसाधारणपणे आया राहतात असे म्हणायचे आहे का, असे त्यांनी हळूच विचारले. "येस. इन जनरल," मी म्हणाले. मग हे योग्य आहे असे तुम्हाला वाटते का, असा पुढचा प्रश्न आला. तो अगदी साधा प्रश्न होता. टास्क टूमध्ये त्याची दोन्ही उत्तरे मी लिहिली होती. मी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत राहिले. तिच्या मागचे गुलाबी खोडरबर एकदाही न वापरलेले, अगदी कोरे होते, एवढे मला आजही स्पष्ट आठवते. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. माझ्याकडून उत्तर आले नाही, तेव्हा त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या, आणि शेवटपर्यंत मी "मे बी", "आय ॲम नॉट शुअर" आणि एकदा नुसतेच "येस" म्हणाले. तेवढ्यावर साडेसहा मिळाले हेही पुष्कळच म्हणायचे. निकाल फेरतपासणीला टाक, सहा आठवड्यांची मुदत असते, असे मैत्रिणी सांगत होत्या, पण मी टाकला नाही, कारण काय झाले ते मला माहीत होते.

लेखी परीक्षा झाल्यावर मी स्वारगेटहून एसटीने घरी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. पार्किन्सनमुळे त्यांचे बोलणे तोवर फार बारीक झाले होते, त्यामुळे मी शेजारी जाऊन बसले.

"तोंडीला काय विचारलं?"

"म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं."

"मग? माझं सांगितलंस?"

मी म्हणाले, "हो."

बाबा हसले. त्या आजारात चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात, त्यामुळे बाबा हसले हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आईला आणि मला कळते.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पण त्यावरून काय शिकायचे, असे पुढे विचारू नका, कारण त्याबाबतीत माझेच माझ्याशी पटत नाही. बरेच दिवस मी म्हणत असे की सरांनी चुकीचे शिकवले. खोटे काका उभे केले नसते आणि सरळ बाबांचे सांगितले असते तर सात कुठे गेले नव्हते. आज मला तसे म्हणवत नाही. बाबांचे सांगायला घेतले असते तर मी तिसऱ्या भागाऐवजी दुसऱ्यातच गप्प झाले असते, आणि साडेसहाच्या जागी सहा आले असते. शिवाय त्याच सरांमुळे माझे रायटिंग निघाले. पाटील काकांनीही माझे काही वाईट केले नाही. पण एक सबंध परीक्षा आपल्या आयुष्यावरच प्रश्न विचारते आणि आपण तिची तयारी दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्याने करतो, यात काहीतरी वाकडे आहे असे मला तेव्हाही वाटले होते आणि अजूनही वाटते.

दुसऱ्या वेळी मी काय केले तेही सांगते, कारण ते फारसे भूषणावह नाही. मी बाबांचा सराव केला. माझी रूममेट कोट्टयमची होती. नाइट ड्यूटी संपवून आल्यावर ती मोबाइलवर दोन मिनिटे लावायची आणि मी इंग्रजीत बाबांविषयी बोलायचे. पहिल्या दिवशी चौथ्या वाक्याला थांबले. दहाव्या-बाराव्या वेळी ती मला मध्येच दुरुस्त करू लागली, "द टेप, नॉट टेप," आणि मी ते वहीत लाल शाईने लिहून घेतले. उंबरा, टेप, आईचे "एक, दोन", बटणे, हे सगळे मी योग्य काळात, योग्य आर्टिकलसह आणि दोन जोडणाऱ्या शब्दांनी एकमेकांना बांधून चार पाने लिहिले. विसाव्या वेळेपर्यंत बोलताना मला काहीही होत नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा बसले तेव्हा कार्डावर हरवलेल्या वस्तूविषयी विचारले होते. मी मनगटी घड्याळाबद्दल बोलले आणि साडेसात मिळाले.

आता मी यॉर्कशायरमध्ये वृद्धांच्या वॉर्डात काम करते. वडील कसे आहेत, असे इथल्या सहकारी अधूनमधून विचारतात आणि मी सांगते. मला छान सांगता येते. ऐकणारी मान हलवते आणि कधीकधी तिचेच डोळे भरून येतात. भावाचा फोन येतो तेव्हा मात्र मी मराठीत "गोळ्या वेळेवर घेतात ना?" यापुढे जात नाही. याला इंग्रजी सुधारणे म्हणायचे असेल तर म्हणा. बाबा आता खुर्चीतच असतात, उंबऱ्यापर्यंत येत नाहीत, पण टेपच्या पट्ट्या आईने अजून काढलेल्या नाहीत.

मिरजेच्या मुलींनी वही मागितली होती, ती मी फोटो काढून पाठवली. त्यातल्या एकीच्या लक्षात आले की मधली चार पाने नाहीत. ती भिजून खराब झाली, असे मी तिला कळवले. तेही सर्दीसारखेच धरा. ती पाने कुणाला द्यायची नाहीत. पाटील काका मात्र खुशाल घ्या. फक्त आडनाव बदला, कारण एकाच क्लासच्या चार जणी तेच काका घेऊन गेल्या तर परीक्षकांच्या लक्षात येते. आणि त्यांना मुले किती आणि ती कुठे राहतात, हे आधी ठरवून ठेवा. मी ते ठरवले नव्हते.