जकार्तातले मॉल: खरेदी कमी, बैठक जास्त

जकार्तात पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "अगं, ही तर भिशी!"

ग्रँड इंडोनेशिया मॉलच्या वरच्या मजल्यावर आम्ही जेवत होतो. शेजारी तीन टेबलं जोडून चौदा-पंधरा बायका बसल्या होत्या, सगळ्यांचे कपडे एकाच फिकट जांभळ्या रंगाचे. एकीच्या हातात काचेचा ग्लास. त्याच्या तोंडाला प्लॅस्टिक ताणून वर रबरबँड लावलेलं, प्लॅस्टिकला मधोमध भोक, आणि आत चिठ्ठ्यांच्या बारीक सुरळ्या. तिने ग्लास उलटा धरून जोरात हलवला, भोकातून एक सुरळी टपकन टेबलावर पडली, नाव वाचलं गेलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. याला इथे आरिसान म्हणतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम, एकीचा नंबर, जेवण आणि पोटभर गप्पा. आईची ठाण्यातली भिशी तीस वर्षं आळीपाळीने एकेकीच्या घरी होते, इथे ती मॉलमध्ये होते. एवढाच फरक.

निघण्याआधी आईचं म्हणणं होतं, "मॉल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" खरं तर माझंही तेच मत होतं. माझी मावसबहीण सहा वर्षं जकार्तात आहे, तिच्याकडे आठ दिवस राहायचं, म्यूझियम बघायची, जुनं शहर बघायचं, असा बेत होता. पण ताईने पहिल्याच संध्याकाळी समजावलं, की इथली माणसं भेटायची असतील तर मॉलमध्येच जायला हवं. दुपारचं ऊन अंगाची लाही करतं, पाऊस कधीही कोसळतो, बऱ्याच भागांत सलग फूटपाथ नाहीत, आणि सावलीत निवांत बसता येईल अशा बागा मोजक्याच. मग शाळकरी मुलं, नुकतं लग्न ठरलेली जोडपी, आजोबांना घेऊन आलेली कुटुंबं, सगळ्यांचा पार म्हणजे मॉल. नुसतं बसून गप्पा मारण्याला इथे 'नोंगक्रोंग' असा खास शब्द आहे. काही न घेता दुकानं बघत हिंडण्याला 'डोळे धुणं' म्हणतात. आईला हा शब्दप्रयोग इतका आवडला, की आता ठाण्यातल्या बाजारात जातानाही ती तोच वापरते.

गाडीचा वार्षिक कर भरायची खिडकी, पासपोर्टचा अर्ज घेणारं केंद्र, दातांचा डॉक्टर, नमाजासाठीचा मुशोला, मुलांची शिकवणी, हे सगळं इथे मॉलच्या छपराखाली सापडतं. सरकारने दाखले-परवाने एका जागी देणारी केंद्रं काढली, त्यांचं अधिकृत नावच 'मल पेलायानान पुब्लिक' आहे, म्हणजे लोकसेवेचा मॉल. मॉल या शब्दाला इथे जे वजन आहे ते आपल्याकडे नाही.

आता कामाचं. पैशांचे आकडे बघून पहिल्या दिवशी धडकी भरते. सोपा हिशोब असा: शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला पाचाने गुणा. ८५,००० रुपिया म्हणजे साधारण सव्वाचारशे रुपये. दर थोडा इकडेतिकडे होतो, पण जागच्या जागी अंदाज यायला एवढं पुरतं. मेन्यूवर नुसतं ४५ लिहिलेलं असलं तर ते ४५ हजार समजायचं. हॉटेलच्या बिलात १० टक्के कर आणि बऱ्याचदा सेवाशुल्क वेगळं लागतं, तेव्हा मेन्यूतल्या किमतीवर पंधरा-वीस टक्के धरूनच मागवा.

राहायची जागा निवडताना मेट्रोचं स्टेशन जवळ आहे का ते बघा. २०१९ साली सुरू झालेली मेट्रो दक्षिणेच्या लेबाक बुलुसपासून बुंदारान हा-ई या मध्यवर्ती चौकापर्यंत येते. तिकीट ३,००० ते १४,००० रुपिया. गाडी स्वच्छ, वक्तशीर आणि रस्त्यावरच्या कोंडीपासून मुक्त. बुंदारान हा-ईला वर आलात की कारंज्याच्या मधोमध १९६२ सालचं, हात उंचावून स्वागत करणाऱ्या तरुण-तरुणीचं शिल्प दिसतं आणि चौकालगतच ग्रँड इंडोनेशिया आणि प्लाझा इंडोनेशिया.

ग्रँड इंडोनेशिया २००७ साली सुरू झाला. पूर्व आणि पश्चिम अशा दोन प्रचंड इमारती, मध्ये पूल. भेटायची वेळ ठरवताना कोणती बाजू आणि कोणता मजला हे दोन्ही सांगायचं, नाहीतर अर्धा तास शोधाशोध. मजल्यांमध्ये ४ नंबर नाही, ३ नंतर ३-अ आणि मग ५. चिनी समाजात चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो, म्हणून इथल्या अनेक इमारतींत तो टाळतात. आईसारखी गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर लिफ्ट कुठे आहे ते आधी बघून ठेवा, कारण सरकते जिने शोधत केलेली पायपीट भरपूर होते. आणि शाल हवीच. आतला गारवा आपल्या मॉलपेक्षा जास्त असतो.

निघतानाचा आमचा फजितीचा प्रसंग सांगते, कारण तो तुम्हाला टाळता येईल. दुसऱ्याच एका मोठ्या मॉलमधून शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही ॲपवरून गाडी बोलावली. त्या मॉलला पाच लॉबी होत्या, आम्ही एकीत उभ्या, गाडी दुसरीत. बाहेर धो धो पाऊस, ड्रायव्हर फोनवर इंडोनेशियन भाषेत कळकळीने काहीतरी सांगतोय, मला एक अक्षर कळत नाहीये. पाऊण तास आई एका कठड्याला टेकून उभी होती, तिच्याकडे बघून मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी पहाऱ्यावरच्या माणसाने माझा फोन घेऊन ड्रायव्हरला नीट सांगितलं. तेव्हापासून मी एक नियम केला: आत शिरतानाच लॉबीच्या नावाच्या पाटीचा फोटो काढायचा आणि गाडी बोलावताना ॲपमध्ये तेच नाव निवडायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ गाडी बोलावूच नका, तिथेच जेवून घ्या.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आई शाकाहारी आहे आणि मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. मॉलमधल्या खाऊगल्लीला पुजासेरा म्हणतात. नाव ऐकून आईला वाटलं पूजेशी काही संबंध असेल, पण ते 'सगळे खाद्यपदार्थ मिळणारी जागा' या चार शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव आहे. काही ठिकाणी आधी काउंटरवर कार्ड घेऊन त्यात पैसे भरावे लागतात, उरलेले निघताना परत मिळतात. परत घ्यायला विसरू नका.

शाकाहारी माणसाचा खरा शत्रू मांस नाही, ते ताटात दिसतं तरी. शत्रू म्हणजे तेरासी, वाळवलेल्या कोळंबीचा कुटलेला गोळा, जो सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, मिसळून जातो. एका ठिकाणी आम्ही मांस नको, मासे नको असं सांगून भाजीभात घेतला आणि आईने पहिल्या घासाला नाक मुरडलं. वास सुक्या जवळ्याचा! विकणाऱ्या मुलीने फसवलं नव्हतं, तिच्या लेखी ते मासे नव्हतेच. तेव्हा नावं घेऊन सांगा: 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तेरासी.' मांस, मासे, कोळंबी आणि तो गोळा, यातलं काही नको. अंडंही चालत नसेल तर 'तान्पा तेलुर' जोडा. मी हे कागदावर लिहून ठेवलं होतं आणि कागद दाखवला की काम होत असे.

मग गादो-गादो मागवा. उकडलेल्या भाज्या, टोफू, टेम्पे आणि वरून शेंगदाण्याचा दाट रस्सा. त्यावर अंडं आणि कोळंबीचे पापड असतात, तेवढे वगळायला सांगायचे. टेम्पे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, पातळ काप करून कुरकुरीत तळलेली. आईने ती तीन दिवस सलग खाल्ली. गोडात चेंडोल घ्याच: नारळाचं दूध, बर्फ, हिरव्या शेवया आणि ताडाच्या जातीच्या झाडाचा काळसर पातळ गूळ. कोकणातल्या माणसाला हे घरचं वाटेल. या गुळाची गार दूधकॉफीही सगळीकडे मिळते आणि तरुण मुलं ती पेल्यांवर पेले पितात. चहा मागताना 'मानिस' म्हणालात तर गोड, 'तावार' म्हणालात तर बिनसाखरेचा.

खरेदी करायची असेल तर ग्रँड इंडोनेशियाच्या मागच्या बाजूला चालत थामरिन सिटी गाठा. चकचकाट नाही, छोटे गाळे, अरुंद बोळ, कापडाचे ढीग. वरच्या पाट्या वाचत हिंडताना मला गंमत वाटत होती: 'बुसाना वानिता', 'बुसाना प्रिया'. भूषण, वनिता, प्रिय! अर्थ फक्त बायकांचे कपडे आणि पुरुषांचे कपडे. किमतीला 'हार्गा', तो संस्कृतातला अर्घ. बुटांना 'सपातू', आणि आपल्या सपाता ज्या पोर्तुगीज शब्दातून आल्या त्यातूनच हेही आलेत. दुकानदारिणीला 'म्बाक' म्हणजे ताई, दुकानदाराला 'मास' म्हणजे दादा म्हटलं की चेहरा खुलतो. किमतीवर 'हार्गा पास' लिहिलं असेल तर घासाघीस नाही. नसेल तर 'बिसा कुरांग?', कमी होईल का, असं हसून विचारायचं. तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, त्याला 'ग्रोसिर' म्हणतात. आम्ही दोघींनी मिळून सहा शर्ट घेतले आणि भाव चांगलाच उतरला.

बाटिक घेताना मात्र घाई करू नका. एका गाळ्यात साठीच्या बाईंनी आईला पदराएवढा तुकडा हातात दिला आणि उलटा करायला सांगितला. हाताने मेण लावून केलेल्या बाटिकला दोन्ही बाजूंनी रंग सारखाच गडद असतो. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, एक पान दुसऱ्यासारखं हुबेहूब नाही, आणि नाकाजवळ धरलं तर मेणाचा पुसट वास. याला 'तुलिस' म्हणतात, म्हणजे लिहिलेलं. तांब्याच्या ठशाने मेण उठवलेलं ते 'चाप', आपला छाप हाच शब्द. आणि ज्याची मागची बाजू पांढुरकी दिसते ते यंत्रावर छापलेलं. पन्नास-साठ हजार रुपियांच्या शर्टावरची नक्षी छापीलच असणार, त्यात गैर काही नाही, फक्त तुलिस म्हणून जास्त पैसे देऊ नका. बाईंनी चिरेबोन शहराकडची ढगांची नक्षी दाखवली, निळ्याच्या सात-आठ छटा एकात एक. नाव 'मेगा मेंदुंग', त्यातला मेगा म्हणजे मेघच. आईने तो तुकडा घेतला, घासाघीस न करता. त्या बाईंनी वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं, त्याचे पैसे कमी करायचे नाहीत, म्हणाली. थामरिन सिटीत सकाळीच जा, तिथले गाळे मोठ्या मॉलपेक्षा खूप लवकर बंद होतात.

जुनी पुस्तकं आवडत असतील तर मेट्रोने ब्लोक एमला उतरा, ब्लोक एम स्क्वेअरच्या तळघरात जुन्या पुस्तकांचे गाळे आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर तामान आंग्रेक मॉलमधलं बर्फावरचं मैदान त्यांना आवडेल, पण तो पश्चिमेला आहे, अख्खा दिवस धरा. रमजानात जाणार असाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा धरून ठेवा. उपास सोडायला मित्रमंडळी एकत्र येतात तेव्हा एकही टेबल रिकामं नसतं. २२ जून हा शहराचा वाढदिवस, त्या सुमारास मॉलमध्ये सवलती असतात.

सारिना मी मुद्दाम शेवटच्या रविवारसाठी ठेवलं होतं. हे देशातलं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या कल्पनेतून, जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशातून उभं राहिलं आणि १९६६ साली उघडलं. देशातला पहिला सरकता जिना इथलाच. सुकार्नोंना लहानपणी सांभाळणाऱ्या बाईंचं नाव सारिना, तेच दुकानाला दिलं. अलीकडच्या दुरुस्तीत एका खोलीत वर्षानुवर्षं दडून राहिलेलं मोठं भित्तिशिल्प मोकळं केलं आणि २०२२ पासून ते सगळ्यांना बघता येतं. शेतकरी, कोळी, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाजारातल्या बायका. एका बाईच्या पाठीचा बाक आणि पायाची फाकलेली बोटं बघत आई बराच वेळ उभी राहिली.

रविवारी सकाळी सहा ते दहा थामरिनचा हमरस्ता गाड्यांना बंद असतो. आम्ही सातला बुंदारान हा-ईहून चालायला लागलो, किलोमीटरभर अंतर, बरोबर सायकली, बाबागाड्या, ढोल वाजवणारी मुलं. रमतगमत साडेनऊला सारिनाच्या पायऱ्यांवर पोचलो तर तिथे घामाने निथळलेली शे-दीडशे माणसं आधीच बसली होती, दारं उघडायची वाट बघत. एका आजींनी सरकून आईला जागा करून दिली आणि डब्यातलं केळ्याचं भजं पुढे केलं. आईने आपल्या पिशवीतून चकलीचा पुडा काढला.