अ‍ॅव्होकाडो खाल्ल्यावर उरलेली बी

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. फळ फांदीवर पूर्ण वाढते, त्यात तेल भरते, पण ते मऊ होते ते तोडून खाली आणल्यानंतरच. म्हणून दगडासारखे टणक फळ घरी आले तर त्यात काही बिघाड आहे, असे समजण्याचे कारण नाही. ते चार-पाच दिवस बाहेर ठेवावे. घाई असेल तर कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत ठेवावे, कारण केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे तेही लवकर पिकते. टणक फळ फ्रिजमध्ये ठेवले की पिकण्याची क्रिया मंदावते, आणि पिकलेले फळ मात्र तिथे आणखी दोन-तीन दिवस टिकते. पिकल्याची परीक्षा बोटांच्या टोकांनी करू नये. दाबलेल्या जागी आतला गर काळा पडतो आणि तो डाग कापल्यावरच दिसतो. फळ तळहातावर घेऊन देठाजवळ हलकेच दाबावे. 'हास' या जातीची साल पिकताना हिरव्याची जांभळट काळी होते, पण बऱ्याच जातींची साल पिकल्यावरही हिरवीच राहते, त्यामुळे केवळ रंगावर भिस्त ठेवता येत नाही.

मला हे फळ चमच्याने, नुसते मीठ आणि लिंबू घालून खायला आवडते. त्याची चव इतकी सौम्य असते की फार काही मिसळले तर ती हरवते. शंभर ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि 7 ग्रॅम तंतू असतात, आणि त्या स्निग्धात मोठा वाटा ऑलिव्ह तेलातही असणाऱ्या ओलिक आम्लाचा असतो. अर्धे फळ खाल्ल्यावर बराच वेळ भूक लागत नाही, त्यामागे हेच कारण असावे. उरलेल्या अर्ध्या भागात बी तशीच ठेवली तर गर काळा पडत नाही, असे पुष्कळ जण सांगतात. मी करून पाहिले. बीच्या खाली झाकलेला गर हिरवा राहिला आणि बाकीचा काळवंडला, कारण गर काळा पडतो तो हवा लागल्याने. लिंबाचा रस लावून फळ घट्ट झाकून ठेवणे, हा त्यापेक्षा चांगला उपाय आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते त्या बीबद्दल.

माझी पहिली बी उगवली नाही. ती धुऊन मी खिडकीत ठेवली आणि महिनाभराने लावली. तोवर ती आक्रसून तिचे दोन भाग सुटे झाले होते. धान्याचे किंवा कडधान्याचे बी वाळवून वर्षभर ठेवता येते, तशी ही बी ठेवता येत नाही. ती वाळली की मेली. फळ खाल्ल्यावर लगेच, फार तर दोन-तीन दिवसांत, ती ओलाव्यात जायला हवी. आता मी बी काढल्याबरोबर चिकटलेला गर धुऊन टाकतो आणि वरची तपकिरी, कागदासारखी साल नखाने हळूच सोलतो, म्हणजे पाणी आत लवकर पोहोचते. सोलताना नख लागले तर त्या पांढुरक्या जागेवर थोड्याच वेळात केशरी-लाल ओरखडा उमटतो. तो पाहून बी सडली, असे समजू नये.

बीचे रुंद, चपटे टोक खाली आणि निमुळते टोक वर असावे. मुळे खालून फुटतात आणि कोंब वरून येतो. बीला तीन-चार टूथपिक टोचून ती पेल्याच्या काठावर अशी टेकवायची की खालचा साधारण अर्धा भाग पाण्यात राहील. पाणी दोन-चार दिवसांनी बदलावे. बी थेट कुंडीतल्या मातीत, वरचा तृतीयांश भाग उघडा ठेवून लावली तरी चालते, आणि खरे तर झाडाच्या दृष्टीने तेच सोपे आहे. तरीही पहिल्यांदा लावणाऱ्याने पाण्याचाच मार्ग घ्यावा, कारण मातीत जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. तीन आठवडे काहीच झाले नाही. मग एके सकाळी बीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक चीर दिसली. चीर रुंदावत गेली, दोन डाळी किंचित विलग झाल्या आणि खालून जाडसर पांढरे मूळ बाहेर आले. कोंब येईपर्यंत मूळ बोटभर लांब झाले होते. या सगळ्या काळात रोपाला पाण्याशिवाय बाहेरून काहीच मिळत नव्हते; त्या दोन डाळींमध्ये इतका साठा असतो.

या रोपाला फळे धरतील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बीपासून वाढलेल्या झाडाला फळ यायला पाच ते तेरा वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि घरात कुंडीत वाढणाऱ्या झाडाला बहुधा येतच नाहीत. शिवाय आलेले फळ आपण खाल्लेल्या फळासारखे असेलच असे नाही, म्हणून बागांमध्ये झाडे कलमानेच करतात. मात्र याच अनिश्चिततेतून 'हास' ही जात जन्माला आली. कॅलिफोर्नियातील ला हाब्रा हाइट्स येथे टपाल वाटण्याचे काम करणारे रुडॉल्फ हास यांनी 1926 मध्ये लावलेल्या बियांपैकी एका रोपावर कलम बांधले, ते जगले नाही, आणि ते रोप तसेच वाढू दिले. त्याचे फळ इतके उत्तम निघाले की 1935 मध्ये त्यांनी त्या जातीचे पेटंट घेतले. आजची हासची सगळी झाडे कलमा-कलमांनी त्याच एका झाडापासून आलेली आहेत. ते मूळ झाड मुळे कुजण्याच्या रोगाने गेले आणि 2002 मध्ये तोडावे लागले.

हा रोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अ‍ॅव्होकाडोची मुळे उथळ असतात आणि साचलेले पाणी त्यांना सोसत नाही, त्यामुळे कुंडीला तळाशी भोके हवीत आणि माती भुसभुशीत हवी. रोप वीतभर झाले की शेंडा निम्म्यावर छाटावा. पहिल्यांदा हात धजावत नाही, पण न छाटलेले रोप नुसते काठीसारखे उंच होते. पानांची टोके तपकिरी पडू लागली तर बहुधा मातीत क्षार साठलेले असतात. अशा वेळी एकदा भरपूर पाणी घालून ते तळातून वाहून जाऊ द्यावे. घरात पाळीव पक्षी असतील तर रोप त्यांच्यापासून दूर ठेवावे, कारण पानांमधले पर्सिन हे द्रव्य त्यांच्या जिवावर बेतू शकते.

माझे रोप आता दोन वर्षांचे आहे. शेंडा छाटला होता त्याच्या खाली तीन फांद्या फुटल्या आहेत, आणि नवी पाने तांबूस व लवलवीत निघून आठवडाभरात हिरवी होतात. बीचे ते दोन भाग खोडाच्या बुंध्याशी अजून चिकटून आहेत, सुरकुतलेले आणि काळे.